रक्ताच्या कर्करोगात सोबतीचा शोध : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापुरात किंवा आसपासच्या कागल, पन्हाळा, शाहूवाडी अशा तालुक्यांतील एखाद्या घरात रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले म्हणजे त्या घरातील कर्ती माणसे डॉक्टर, रक्तपेढी, पैसा आणि सरकारी दाखले यांच्या पाठीमागे अशी काही धावू लागतात की, या वाटेने आपल्या आधी कोणी गेले आहे काय आणि गेले असल्यास त्याला गाठून चार गोष्टी विचाराव्यात काय, हा विचार मनास शिवण्यापूर्वीच पहिले दोन-तीन महिने निघून जातात. वस्तुतः अनुभवी माणसाच्या शब्दाची गरज त्याच काळात सर्वाधिक असते. अशा अनुभवी माणसांच्या समूहांना आपण आधारगट किंवा स्वमदत गट म्हणतो. परंतु त्यांच्याविषयी काही गैरसमज लोकांच्या मनात इतके रुजले आहेत की, मदत हाताशी असूनही रुग्ण तिच्यापर्यंत पोचत नाही. त्यांतील मुख्य गैरसमजांची येथे छाननी केली आहे.

गैरसमज १ : हा आजार म्हणजे अखेरच, मग गटात जाऊन साधायचे काय?

वस्तुस्थिती : रक्ताचा कर्करोग हा एकच एक आजार नव्हे. ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा हे त्याचे तीन प्रमुख वर्ग असून प्रत्येकाचे पोटभेद, गती आणि उपचार निराळे आहेत. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे ल्युकेमिया. त्यातील लिम्फोब्लास्टिक प्रकारात, पुढारलेल्या देशांत पूर्ण उपचार मिळालेल्या मुलांपैकी शेकडा ८० हून अधिक मुले बरी होतात. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियावर २००१ साली अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीस मान्यता मिळाली आणि त्या रोगाचे बहुसंख्य रुग्ण रोज घरी गोळी घेऊन वर्षानुवर्षे कामधंदा करू लागले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. आणि मुंबईची आय.आय.टी. व टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून सिद्ध झालेल्या, रुग्णाच्याच प्रतिकारक पेशींत बदल करून द्यावयाच्या कार-टी पेशी उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. आजार दीर्घकाळ सोबत राहणारा किंवा पूर्ण बरा होणारा ठरल्यामुळेच शाळा, नोकरी, विवाह, फेरतपासण्या यांविषयी बोलण्यास समदुःखी माणसे हवी असतात. बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांचा ‘उगम’ हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने मुंबईत २००९ मध्ये निघाला तो याच गरजेतून. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांसाठी ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा गट भारतभर काम करतो.

गैरसमज २ : आजार चारचौघांत उघड केला तर लोक दूर होतील, मुलीबाळींची लग्ने अडतील.

वस्तुस्थिती : रक्ताचा कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एका घरात राहिल्याने पसरत नाही. बहुतांश रुग्णांत तो आईबापांकडून मुलांत उतरलेलाही नसतो. तरीही गावाकडे भीती आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आणि म्हणूनच बैठकीत ऐकलेली गोष्ट बाहेर न्यायची नाही, हा चांगल्या आधारगटाचा पहिला दंडक असतो. पहिल्या दिवशी नाव, गाव, आजार सांगण्याची सक्ती कोणी करीत नाही. नुसते बसून ऐकण्याचीही मुभा असते. भावकीत जे बोलता येत नाही ते अनोळखी पण समदुःखी माणसांत बोलता येते, हा अनुभव पुष्कळांचा आहे.

गैरसमज ३ : हे सगळे मुंबई-पुण्यास, कोल्हापुरात विचारायचे तरी कोणाला?

वस्तुस्थिती : आधारगटाची पाटी रस्त्यावर लावलेली नसते, तो माणसांकरवी सापडतो. आरंभ उपचार चालू असलेल्या रुग्णालयापासूनच करावा. जुने कोल्हापूरकर ज्याला थोरला दवाखाना म्हणतात त्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात. योजनेची कागदपत्रे हा त्यांचा मुख्य व्यवहार असला तरी याच आजाराची इतर कुटुंबे त्यांच्या रोजच्या ओळखीची असतात. गोकुळ शिरगावचे कोल्हापूर कॅन्सर सेंटर किंवा मिरजेचे सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय येथे उपचार चालू असल्यास तेथील परिचारिकांना व समुपदेशकांना स्पष्ट शब्दांत विचारावे : ‘याच आजारातून बरे झालेले, बोलायला तयार असलेले कोणी आहे का? त्यांना विचारून आमचा फोन नंबर त्यांना द्याल का?’ नंबर त्यांचा मागण्यापेक्षा आपला देणे अधिक सभ्यपणाचे, कारण त्यामुळे समोरच्या कुटुंबाचा खासगीपणा अबाधित राहतो.

याच्या जोडीला मुंबईच्या संस्थांचे दार फोनवरूनही ठोठावता येते. १९५१ साली स्थापन झालेली इंडियन कॅन्सर सोसायटी, १९६९ पासूनची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि कर्करोगातून उठलेल्या स्वयंसेवकांच्या बळावर १९९४ पासून काम करणारी व्ही केअर फाउंडेशन या त्यांपैकी प्रमुख होत. उपचारांसाठी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाजवळ परळला मुक्काम करावा लागलाच, तर नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा येथे निवाऱ्याबरोबर सोबतही मिळते; एकाच वरांड्यात महिनामहिना राहणारी कुटुंबे एकमेकांचे नकळत आधारगट होतात. रेल्वेच्या नियमांनुसार उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करुग्णास शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाडे माफ असते आणि सोबत्यास त्याच श्रेणींत ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाचा विहित नमुन्यातील दाखला लागतो. महालक्ष्मी एक्सप्रेसने जाणाऱ्या कित्येकांना ही तरतूद कळते ती शेजारच्या आसनावरील दुसऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाकडून, आणि तीही चार-पाच खेपांचे भाडे भरून झाल्यावर.

गैरसमज ४ : आधारगट म्हणजे एकत्र बसून दुःख उगाळणे.

वस्तुस्थिती : रक्ताच्या कर्करोगात गटाचे काम अत्यंत व्यावहारिक असते, आणि त्याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. केमोथेरपीनंतर रुग्णाच्या प्लेटलेट, म्हणजे रक्तबिंबिका, निरोगी माणसाच्या दीड ते साडेचार लाखांवरून दहा हजारांच्याही खाली घसरू शकतात. मग आपोआप रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने त्या बाहेरून द्याव्या लागतात. फिकट पिवळ्या द्रवाची ती छोटी पिशवी रक्तपेढीत २० ते २४ अंश सेल्सिअस तापमानात, सतत हलत्या यंत्रावर ठेवतात. तीही सामान्यतः पाचच दिवस टिकते. कोल्हापुरातील तालमी आणि गणेशोत्सव मंडळे मोठ्या उत्साहाने रक्तदान शिबिरे भरवितात व त्यांचे मोल थोर आहे. परंतु एका दिवशी गोळा झालेल्या प्लेटलेट तीन आठवड्यांनी गरज पडणाऱ्या रुग्णास उपयोगी पडत नाहीत. त्याला हवी असते ती दात्यांची पाळी लावलेली यादी, म्हणजे आज कोण, परवा कोण आणि पुढच्या आठवड्यात कोण प्लेटलेट काढून घेणाऱ्या यंत्रावर तास-दीड तास बसण्यास येईल याची आगाऊ तजवीज. पाच-सहा कुटुंबांनी मिळून अशी यादी राखली, तर मध्यरात्री कोणासही फोनामागून फोन करावे लागत नाहीत.

गैरसमज ५ : गटात मनोबल वाढले की रोग हटतो, मग औषध सोडले तरी चालते.

वस्तुस्थिती : १९८९ साली अमेरिकेतील डॉ. डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील आपल्या अभ्यासात गटात सहभागी झालेल्या स्त्रिया अधिक काळ जगल्याचे नोंदविले आणि जगभर आशा पालवली. पुढे २००१ साली कॅनडातील डॉ. पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांचा अधिक काटेकोर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आयुर्मान वाढलेले आढळले नाही, मात्र मनाचा क्लेश आणि वेदनेची जाणीव कमी झालेली आढळली. आधारगटाकडून अपेक्षा ठेवायची ती एवढीच, आणि एवढीही थोडी नव्हे. म्हणून जो गट केमोथेरपी थांबवावयास सांगेल, एखादे चूर्ण किंवा काढा विकू पाहील, अथवा तुमचा रोग तुमच्या विचारांमुळे झाला असे सुचवील, तो तत्काळ सोडावा. प्लेटलेट वाढविण्यासाठी डेंग्यूत देतात म्हणून ऐकलेला पपईच्या पानांचा रसदेखील डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. तसेच पांढऱ्या पेशी उतरलेल्या दिवसांत रुग्णाने गर्दीच्या बैठकीस न जाता फोनवरून सहभागी व्हावे, आणि ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेल्यास गटाचा सल्ला विचारीत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

गैरसमज ६ : आधाराची गरज काय ती रुग्णालाच.

वस्तुस्थिती : रात्रीचे जागरण, औषधांचे वेळापत्रक, कर्जाचा हिशेब आणि घरातील लहान मुलांचे प्रश्न हे सारे जिच्या वाट्याला येते, त्या पत्नीस, आईस किंवा वहिनीस ‘तुम्ही कशा आहात?’ असे क्वचितच कोणी विचारते. बहुतेक चांगले गट नातेवाइकांसही सामावून घेतात. आणि कोणताही गट जवळ नसला तरी १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य मनःस्वास्थ्य सेवा मराठीतून बोलण्यास उपलब्ध असते.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची वसतिगृहे उभारण्यास उत्तेजन देऊन परगावच्या मुलांना या शहरात हक्काचे छप्पर मिळवून दिले. परक्या मुलखातून येणाऱ्यास एकटे पडू द्यायचे नाही, हा या गावाचा वारसा आहे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाने, म्हणजे कंपवाताच्या रुग्णांच्या गटाने, काही रुग्ण व नातेवाईक एकत्र येऊन मराठीतून चालणारा आधारगट कसा दीर्घकाळ टिकवावा याचा वस्तुपाठ घालून दिला आहे. कोल्हापुरातही तीन कुटुंबे, एखादी शाळेची रिकामी खोली, महिन्याचा एक ठरलेला रविवार आणि अधूनमधून येऊन शंकानिरसन करणारा एक डॉक्टर एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. ज्यांचे उपचार संपले आहेत अशा प्रत्येक वाचकास म्हणूनच आग्रहाची विनंती आहे की, पुढच्या फेरतपासणीस जाल तेव्हा आपला फोन नंबर तेथील परिचारिकेजवळ ठेवा आणि ‘नवीन कोणी घाबरलेले आले, तर त्यांना मला फोन करायला सांगा,’ एवढे तिला अवश्य सांगा.