मातीच्या वारशाचे मोल

जुनी वास्तू हॉटेल झाली की ती वाचते, असा एक विचार आपल्याकडे आता चांगलाच रूढ झाला आहे. तेरेखोलच्या किल्ल्यात हॉटेल थाटले गेले. पोर्तुगीज अमदानीतील कित्येक घरंदाज घरांनीही तोच मार्ग पत्करला. या विचारात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु वास्तूच्या शेजारी जी निव्वळ माती असते, जिला ना छप्पर ना खिडक्या, ना भाडे देणारा प्रवासी, तिचा वाली कोण? इंग्लंडमधील मार्लबरो गावचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

विल्टशायर परगण्यात, केनेट नदीकाठी, सॉमरसेटच्या ड्यूक घराण्याची प्रशस्त हवेली होती. १७५१ साली तिचे ‘कॅसल इन’ नावाचे हॉटेल झाले. लंडनहून बाथकडे जाणाऱ्या घोडागाड्यांचा हमरस्ता गावातूनच जात असल्याने उतारूंना तोटा नव्हता. १७६७ साली थोरला पिट संधिवाताने जर्जर होऊन येथेच अडकून पडला होता. पुढे १८४१ साली लंडन ते ब्रिस्टल असा लोहमार्ग पूर्ण झाला, घोडागाड्या ओस पडल्या आणि १८४३ साली हॉटेलचे दार मिटले. त्याच वर्षी तेथे मार्लबरो कॉलेज ही शाळा सुरू झाली. हवेली आजही शाळेच्या वापरात आहे. धनी बदलले, धंदा बदलला, पण घर टिकले. कारण प्रत्येकाला त्याचा उपयोग होता.

याच आवारात सुमारे १९ मीटर उंचीचे मातीचे एक टेकाड उभे आहे. त्याचा उपयोगही प्रत्येक पिढीने करून घेतला. त्याचे वय मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. नॉर्मन राजांनी त्याच्या माथ्यावर किल्ला बांधला. सतराव्या शतकात जागेच्या मालकांनी त्यावर वळणावळणाची वाट काढली, अठराव्या शतकात पायथ्याशी शंखशिंपल्यांनी मढवलेली गुहा सजवली. टेकाड म्हणजे बागेतील एक शोभेची वस्तू झाली. मर्लिन जादूगार त्याखाली पुरला आहे, ही लोककथा तेवढी गावाने जपली. हे टेकाड किल्ल्यासाठीच रचलेले असावे, हा समज दीर्घकाळ प्रबळ होता. १९१२ साली खोदकामात हरणांची शिंगे सापडली, तेव्हा ते त्याहून फार प्राचीन असावे अशी शंका बळावली. पण पुरावा नव्हता.

तो मिळावयास २०११ साल उजाडावे लागले. टेकाडात खोलवर छिद्रे पाडून काढलेल्या मातीतील कोळशाचे वय तपासले गेले आणि ते निघाले इसवी सनपूर्व २४०० च्या सुमाराचे! जवळच असलेल्या सुप्रसिद्ध सिल्बरी टेकडीचे हे समकालीन भावंड ठरले. म्हणजे जिच्या प्राचीनतेचे कौतुक होत होते ती हवेली जेमतेम तीन शतकांची आणि जिच्यावरून मुले धावत होती ती माती साडेचार हजार वर्षांची. मधल्या काळात एखाद्या धन्याने भरावासाठी ती माती उपसली असती, तर त्याला दोष तरी कुणी दिला असता?

या कथेचे मर्म आमच्या मते हेच आहे. वयाचा पुरावा हाती नसणे म्हणजे वस्तू प्राचीन नसणे नव्हे. आपल्या उसगाळीमळची कातळशिल्पे १९९३ साली अभ्यासकांच्या नजरेस आली. तोवर ती कुशावतीच्या काठी मूकपणे पडून होती. पिढ्यान्‌पिढ्यांनी चिखलमाती रचून उभारलेले, भरतीचे खारे पाणी मानशीच्या दारांशी थोपवणारे आपले खाजनाचे बांध हाही मातीचाच वारसा आहे. तो कुठल्या राजाने नव्हे, गावकऱ्यांनी घडविला. म्हणूनच की काय, त्याची नोंद स्मारक म्हणून घ्यावी असे कुणास सहसा वाटत नाही. एकदा बांध फुटला आणि शेतात खारे पाणी शिरले, की शेत आणि इतिहास दोन्ही एकदमच जातात.

कायदा याबाबतीत आपल्या दृष्टीहून उदार आहे. १९५८ च्या केंद्रीय प्राचीन स्मारक कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुन्या इमारतींबरोबर प्राचीन मृत्तिका-टेकाडांचाही समावेश आहे. उणीव आहे ती पाहणीची. जुन्या घराला हॉटेलचा परवाना देताना त्याच्या आवारातील टेकाड, तळी आणि बांध यांची जाणकारांकडून तपासणी व्हावी आणि तोपर्यंत तेथे यंत्राचा दात लागू नये, एवढी अट घालणे शासनास जड जाऊ नये. भिंत ढासळली तर पुन्हा रचता येते. उपसलेल्या मातीतील काळ पुन्हा भरता येत नाही.