एक घेवडा, चार पावसाळे

अहिल्यानगर जिल्हा 17,048 चौरस किलोमीटरचा. राज्यात एवढा मोठा जिल्हा दुसरा नाही. आणि याच जिल्ह्यात शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणारी माणसं म्हणतात, 'झाडं लावायला जागाच कुठंय?' हे मला मुळीच पटत नाही. जागा नुसती फुटांत मोजून भागत नाही. तिच्यावर वरून काय काय येऊन पडतं, त्याचाही हिशेब मांडावा लागतो.

हजार चौरस फुटांची गच्ची धरू, म्हणजे 93 चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरवर रोज पाच युनिटच्या वर ऊन पडतं. युनिट म्हणजे विजेच्या बिलातलंच. म्हणजे गच्चीवर एका दिवसात साडेचारशे युनिटहून जास्त! लहान कुटुंबाचं महिन्याचं बिल शे-दीडशे युनिटचं असतं, तेव्हा एका दिवसाच्या उन्हात तीन-चार महिन्यांची वीज मावते. झाडं यातलं जेमतेम एक टक्का ऊन धरून ठेवतात. पण तो एक टक्काही सुमारे चार हजार किलोकॅलरी भरतो, दोन मोठ्या माणसांचा दिवसभराचा आहार. त्यातला बराच भाग देठात, मुळांत, पानांत जातो हे खरं. तरी आज हे सगळं ऊन स्लॅब तापवण्यात आणि खाली पंखे फिरवायला लावण्यात खर्ची पडतंय.

आता पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. नगर शहर पर्जन्यछायेतलं, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तरीही आपल्या गच्चीवर 51,000 लिटर पडतं, म्हणजे दहा हजारी टँकर पाच. याच जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीला चांगल्या साली पाच हजार मिलिमीटर होतो. तिथे हीच गच्ची असती तर साडेचार लाख लिटर. पण हे पाणी चार महिन्यांत येऊन जातं आणि मे महिन्यात भरल्या पिकाला चौरस मीटरमागे दिवसाला सहा ते आठ लिटर लागतं. पूर्ण गच्ची लावली तर रोज साडेसहाशे लिटर! टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे करू नये, असंच मी म्हणेन. दहावा हिस्सा लावा. गॅलरीतल्या दहा-बारा कुंड्यांना तर तांदूळ, डाळ आणि भाज्या धुतलेलं पाणी बहुतेक पुरतं.

पाण्याच्या पाठोपाठ वजनाचा प्रश्न येतो. सगळ्या गच्चीवर फूटभर माती पसरली, तर ती 28 घनमीटर होते आणि ओली झाली की 45 टनांच्या पुढे जाते. दहा टनांचे साडेचार ट्रक डोक्यावर उभे केल्यासारखंच. म्हणून गच्चीवर काळी माती वाहून न्यायची नसते. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी 1,200 चौरस फुटांच्या गच्चीवर भर दिला तो उसाच्या चिपाडांवर आणि घरातल्या ओल्या कचऱ्यावर. पिशव्या, डबे, टायर, जे मिळेल त्यात. त्यांचा हिशेब होता वर्षातले 300 दिवस रोज किमान पाच किलो भाजी-फळांचा, म्हणजे वर्षाला दीड टन. राष्ट्रीय पोषण संस्था माणशी दिवसाला अर्धा किलो भाज्या-फळं खायला सांगते. त्या मापाने रोज दहा माणसांचं भागलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे 3,000 कामगारांचं जेवण होई. तिथल्या ओल्या कचऱ्यावर प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 3,000 चौरस फुटांच्या गच्चीत दीडशेच्या आसपास झाडं वाढवली. आणि चिपाडांसाठी नगरकरांनी मुंबईकडे बघावं? राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरचा, आणि रसवंती तर चौकाचौकात. रसवंतीवाला चिपाडं फेकूनच देतो. ती चिपाडं, पाला, थोडं शेणखत असं थराथराने डब्यात भरावं. वजन मातीच्या निम्म्याहून कमी, आणि मोठे डबे स्लॅबच्या मध्यावर न ठेवता तुळईवर नाहीतर भिंतीलगत.

ऊन, पाणी, चिपाडं हे सगळं दारात आहे. दारात नसतं ते बियाणं. दुकानातलं पाकीट बहुतेक संकरित वाणाचं. त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं, तर झाड पहिल्यासारखं येईल याची खात्री नाही. पुढचा हिशेब त्यामुळे गावरान वाणालाच लागू पडतो, आणि त्यासाठी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला जावं लागतं.

तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. 2018 मध्ये बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं, 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना बीजमाता म्हटलं. बाएफ संस्थेच्या साथीने त्यांनी जपलेल्या 17 पिकांच्या 43 वाणांची नोंद आहे, आणि त्यात वाल-घेवड्याचं वैविध्य विशेष. त्या भागात बियाणं ठेवायची रीत जुनी आहे. वाळवलेलं बी राखेत घोळून मडक्यात भरायचं आणि तोंड शेणामातीने लिंपायचं. राखेमुळे ओल धरत नाही, किडा लागत नाही.

समजा असा घेवड्याचा एकच दाणा खिडकीतल्या रंगाच्या बादलीत लावला. हात आखडता घेऊन धरू: वेलाला पन्नास शेंगा, शेंगेत चार बिया. झाल्या 200. दुसऱ्या पावसाळ्यात त्या सगळ्या लावल्या तर 40,000. तिसऱ्यात 80 लाख, आणि 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या होती 45 लाख. चौथ्यात 160 कोटी, देशातल्या माणसांहून जास्त! एक बी पाव ग्रॅमचं धरलं तरी चारशे टन घेवडा, एका दाण्यातून, चार पावसाळ्यांत.

एवढे वेल लावायला शेत कुठून आणायचं? चौथ्या वर्षी 80 लाख वेल लावायचे, म्हणजे जिल्ह्यात माणशी दोनसुद्धा भरत नाहीत. वेल उभा वाढतो, त्याला फूटभर डबा आणि वर चढायला जाळी लागते, आणि खिडकीला जाळी असतेच.

वेलावरच्या सगळ्या शेंगा मात्र खाऊन टाकू नयेत. लवकर धरलेल्या, भरदार, रोग नसलेल्या शेंगांना सुरुवातीलाच दोरा बांधावा म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडत नाही. त्या वेलावरच वाळू द्याव्यात, हलवल्यावर आत बी वाजलं की काढाव्यात. चार दिवस सावलीत सुकवून, सोलून बिया राखेत ठेवाव्यात. मिळालेल्या दोनशेतल्या पन्नास बिया स्वतःला ठेवा. उरलेल्या दीडशे शेजारीपाजारी आणि नातेवाइकांत मृगाच्या आधी वाटून टाका.