गिरगाव-लालबागच्या घरांतील कॉर्डलेस फोन

मुंबईत दूरध्वनीचे पहिले केंद्र १८८२ च्या जानेवारीत, कलकत्ता आणि मद्रास येथील केंद्रांबरोबरच, सुरू झाले; परंतु त्यानंतर शंभर वर्षे उलटून गेल्यावरही गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग येथील सामान्य कुटुंबांना ही सोय इतकी दुर्लभ होती की, अर्ज दाखल करून वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत तिष्ठत राहावे लागे, आणि चाळीच्या एखाद्या मजल्यावर ज्याच्या घरी फोन लागे त्याचा क्रमांक, पुढे 'पी. पी.' ही अक्षरे लिहून, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लग्नपत्रिकांवर आणि नोकरीच्या अर्जांवर छापला वा लिहिला जाई. १ एप्रिल १९८६ रोजी महानगर टेलिफोन निगमाची स्थापना झाली, नव्वदीच्या दशकात प्रतीक्षायादी ओसरत गेली, आणि घरोघर फोन आले. परंतु ते बहुधा पुढच्या खोलीतील एका कोनाड्यात, हातभर तारेने भिंतीशी जखडलेले असे आले.

आज मोबाइलच्या राज्यात हा फोन ज्या घरांत टिकून आहे, ती बहुतांशी वयोवृद्धांची घरे आहेत. मुले ठाण्याला, पुण्याला किंवा परदेशी गेलेली, आणि आईवडील जुन्याच जागेत किंवा त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या उत्तुंग इमारतीत. त्यांचा २ या अंकाने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक नातेवाइकांना, डॉक्टरांना आणि बँकेला तोंडपाठ. आणि मोबाइलच्या गुळगुळीत काचेपेक्षा ठसठशीत बटणांवर त्यांचा अधिक विश्वास. अशा घरात घंटा वाजली की गुडघे दुखत असताना घाईघाईने उठून, ओल्या फरशीवरून फोनकडे धावणारी वृद्ध व्यक्ती पाहिली म्हणजे तार नसलेल्या, उशाशी ठेवता येणाऱ्या फोनची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही. सबब त्याची निवड कशी करावी, याचा थोडा तपशिलाने विचार करणे उचित आहे. आणि या विचाराचा आरंभ दुकानाच्या काउंटरपासून न करता घराच्या भिंतींपासून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉर्डलेस फोनचे दोन भाग असतात: टेलिफोनच्या तारेला आणि विजेच्या प्लगला जोडलेला बेस, आणि त्याच्याशी रेडिओलहरींनी बोलणारा हँडसेट. पूर्वीचे ॲनालॉग संच शेजारच्या संचात मिसळत आणि आपले बोलणे पलीकडच्या खोलीत ऐकू जाई. आजचे चांगले संच 'डेक्ट' या युरोपीय मानकाचे, १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील असतात, संभाषण अंकीय स्वरूपात पाठवतात, आणि शेजाऱ्याच्या संचाने व्यापलेली वाट टाळून मोकळी वाट आपणहून शोधतात. एका मजल्यावर दहा-बारा बिऱ्हाडे दाटीने राहणाऱ्या चाळीत हा गुण बहुमोल आहे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याशीही डेक्टचा संघर्ष होत नाही. म्हणून खोक्यावर केवळ '२.४ गिगाहर्ट्झ' असे लिहिलेला संच बाजूस ठेवून 'डेक्ट' हा शब्द पाहूनच पुढची बोलणी करावीत.

उघड्या मैदानात तीनशे मीटर आणि घरात पन्नास मीटर, असा पल्ला अशा संचांच्या बाबतीत सांगितला जातो. गिरगावातील लाकडी सांगाड्याच्या, फळ्यांच्या आणि विटांच्या भिंतींच्या जुन्या चाळींतून या लहरी सुखाने पार होतात, आणि सामाईक गॅलरीच्या टोकापर्यंत हँडसेट नेता येतो. याउलट, १९२० नंतरच्या काही वर्षांत बांधलेल्या नायगाव व ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळी लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटच्या आहेत. तेथील १६० चौरस फुटांच्या खोलीत पल्ल्याचा प्रश्नच उद्भवत नसला, तरी दोन-तीन भिंती ओलांडताच आवाज तुटू लागणे संभवते. परळ-लालबागच्या नव्या मनोऱ्यांत तर खोल्याखोल्यांमधील भिंतीही पुष्कळदा काँक्रीटच्याच असतात. तेथे बेस घराच्या एका टोकाला, त्यातही लोखंडी कपाटाच्या आड किंवा फ्रिजवर ठेवल्यास उत्तम संचही निकामी ठरावा. घराच्या मध्यभागी, कमरेच्या वर, धातूपासून दूर, हे बेसचे योग्य स्थान होय. आणि टेलिफोनची तार तेथवर पोहोचत नसेल तर आधी ती वाढवून घ्यावी.

यापुढचा प्रश्न विजेचा. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि दुकानात त्याचा उच्चार क्वचितच होतो. तांब्याच्या तारेवरील साध्या फोनला घरच्या विजेची आवश्यकताच नसते. दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांतून सुमारे ४८ व्होल्टचा दाब त्या तारेतूनच येतो, आणि म्हणून घरात अंधार असतानाही तो फोन बोलतो. कॉर्डलेसचा बेस मात्र आपल्या प्लगवर जगतो. शहर भागाला वीज पुरविणाऱ्या बेस्टच्या कारभाराविषयी मुंबईकरांच्या मनात भरवसा आहे, आणि तो अनुभवाने आलेला आहे. तरीही १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास वीजवाहिन्यांत बिघाड होऊन सारी मुंबई अंधारली आणि लोकल गाड्याही जागच्या जागी थांबल्या. अशा प्रसंगी केवळ कॉर्डलेस संच असलेल्या घरातील वृद्धांना, त्यांची तार सुस्थितीत असली तरी, बाहेरच्या जगाशी एक शब्द बोलता येत नाही.

आता त्यात आणखी एक भर पडली आहे. अनेक इमारतींत तांब्याची तार जाऊन फायबर आला आहे, आणि फोनची पिन भिंतीतील जुन्या खोबणीऐवजी फायबरच्या पेटीच्या मागील खाचेत बसते. ही पेटीदेखील घरच्या विजेवर चालते. म्हणून फायबरच्या घरात वीज गेली की तारेचा साधा फोनही मुका होतो. तेव्हा आपली जोडणी तांब्याची आहे की फायबरची, याची खातरजमा खरेदीपूर्वीच करावी. फायबर असल्यास पेटीसाठी राउटरचा छोटा यूपीएस घ्यावा, आणि त्याच पेटीला तारेचा एक साधा फोन जोडून ठेवावा. त्या फोनला लागणारी वीज पेटीच पुरवते. तांब्याच्या तारेवरच इंटरनेटही चालत असेल, तर सर्व फोन स्प्लिटरच्या 'फोन' लिहिलेल्या खाचेतूनच घ्यावेत, नाहीतर संभाषणात सतत खरखर येते.

अमेरिकेतील मुलगा किंवा सून सुटीत येताना तिकडचा देखणा संच आईवडिलांसाठी प्रेमाने घेऊन येतात, त्याविषयी सावध राहणे अवश्य आहे. त्यावर 'डेक्ट ६.०' असे लिहिलेले असते, आणि हा आकडा मोठा असल्यामुळे ती सुधारित आवृत्ती असावी असा समज होतो. वस्तुतः तो संच १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो, आणि आपल्याकडे तो पट्टा मोबाइल कंपन्यांना दिलेला आहे. त्यामुळे परिसरातील मोबाइल सेवेत व्यत्यय येतो आणि त्याचा वापर आपल्या देशात बेकायदेशीर ठरतो. शिवाय १२० व्होल्टसाठी बनवलेला त्याचा ॲडाप्टर आपल्या २३० व्होल्टवर जळून जाण्याची भीती आहेच. असली भेट कितीही मायेची असली तरी ती वापरू नये.

वृद्धांच्या दृष्टीने आणखी काय पाहावे? मोठे अंक, उजळणारी बटणे, मोठी घंटा, संभाषण चालू असतानाच आवाज वाढवण्याची सोय आणि स्पीकर. कानाचे यंत्र वापरणाऱ्यांनी ते कानात ठेवूनच दुकानात प्रत्यक्ष बोलून पाहावे. हरवलेला हँडसेट वाजवून शोधणारे बेसवरचे बटण अत्यावश्यक समजावे. एका बेसवर दोन हँडसेट असलेला संच थोडा महाग पडतो, परंतु एक स्वयंपाकघरात आणि एक उशाशी अशी वाटणी झाली, आणि त्यांत इंटरकॉम असला, की अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हाक मारण्यासाठी घसा ताणावा लागत नाही. ही रक्कम खर्चण्यात कुचराई करू नये. क्रमांकांची शंभर-दोनशे नावांची यादी, उत्तरयंत्र, रंगीत पडदा, हे सारे गौण होय. यादी भरताना मात्र एक ध्यानात ठेवावे: १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते, म्हणून मुलांचे क्रमांक शून्यासकट साठवून द्यावेत.

हँडसेटमध्ये बहुधा पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइडच्या दोन बारीक बॅटऱ्या असतात. त्या दोन-तीन वर्षांनी थकतात. त्यांच्या जागी चुकूनही कोपऱ्यावरच्या दुकानातील साधे सेल घालून हँडसेट चार्जरवर ठेवू नये, कारण ते फुटण्याचा धोका असतो. काही संचांत कंपनीची खास बॅटरी लागते. ती पुढे मिळाली नाही की सारा संच वाया जातो. सर्वसाधारण मापाच्या बॅटऱ्या चालणारा संचच घ्यावा.

खरेदीसाठी ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, अजूनही सोयीचा आहे, कारण तेथे संच उघडून, जोडून दाखवण्याची रीत आहे. पक्के बिल आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का घ्यावा, आणि मुदतीत दुरुस्ती मुंबईत कोठे होते हे विचारून घ्यावे.

आणि एक कळकळीची विनंती. नवा कॉर्डलेस घरात आला म्हणून तारेचा जुना फोन भंगारात देऊ नका. पुढच्या खोलीत तो समांतर जोडून ठेवा, आणि महिन्यातून एकदा रिसीव्हर उचलून त्यात डायल टोन येतो की नाही, हे आईवडिलांच्या देखत पाहा.