‘मार्फत’ : धाराशीव प्रांतांतून शहरीं गेलेल्यांच्या निवाऱ्याचे कागद

सनदा, महजर, वतनपत्रें आणि निवाडे यांच्या शोधांत आपल्या मंडळींनीं गांवोगांवचे वाडे धुंडाळले आहेत. ज्या कागदानें जमीन मिळाली तो जपावा, हें कोणत्याही घराण्यास शिकवावें लागत नाहीं. परंतु ज्या कागदाच्या आधारें एकाद्या माणसास परक्या शहरांत पथारी टाकण्यापुरती जागा मिळाली, तो कागद घरांतील माणसें रद्दींत घालतात व संग्राहकही त्याकडे पाहत नाहींत. ओळखीची चिठ्ठी, भाड्याची पावती, मनीऑर्डरचें कूपन, शिधापत्रिका, खाणावळीची वही हे ते कागद होत. धाराशीव जिल्ह्यांतून हैदराबाद, सोलापूर, मुंबई व पुणें येथें चाकरीस गेलेल्यांच्या निवाऱ्याचा इतिहास बहुतांशीं त्यांतच आहे. ते कसे वाचावे व कसे मिळवावे, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

१. गांवाचें नांव हीच पहिली ओळख

परमुलखांत आपल्या मूळ गांवाचें नांव मिरविण्याची रीत या प्रांतास नवी नाहीं. धाराशीव तालुक्यांतील तेर म्हणजेच प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत पैठणाच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें नगर सांगितलें असून, तेथील माल गाड्यांनीं भडोच बंदरास जात असल्याची नोंद आहे. उत्तर कोंकणच्या व कोल्हापूरच्या शिलाहारांची सत्ता तेरवर नव्हती. तरीही ते आपल्या ताम्रपटांत ‘तगरपुरवराधीश्वर’ हें बिरुद लावीत. राजे जें बिरुदानें साधीत तें साध्या माणसास ‘आम्ही अमक्या गांवचे’ या तीन शब्दांनीं साधावें लागे.

याच जिल्ह्यांतील तुळजापुरीं ही रीत उलट बाजूनें दिसते. तेथें परगांवचा यात्रेकरू उतरावयाचा तो आपल्या पुजाऱ्याकडे. आणि पुजारी प्रथम गांव व कुळ विचारतो. नांव जुळलें कीं ओसरी मिळते. शहरांतील चाळीच्या जिन्यावर नवख्याला विचारला जाणारा पहिला प्रश्नही हाच असे.

२. कौलाची पेठ व भाड्याची खोली

पूर्वींच्या काळीं नवी पेठ वसवावयाची तर सरकार कौल देई. येणाऱ्या उदम्यांस व कारागिरांस घरासाठीं जागा नेमून मिळे, कांहीं वर्षें पट्टी माफ होई, आणि शेटे-महाजन त्यांची व्यवस्था पाहत. म्हणजे तेव्हां शहरास माणसांची गरज असे व निवाऱ्याचा शब्द शहराकडून येई. गांवींही मिरासदार व उपरी हा भेद होता; पण उपऱ्यासही कोणाच्या तरी पांढरींत जागा मिळे.

गिरण्यांच्या शहरानें हा क्रम मोडला. त्यास हात हवे होते, पण त्या हातांनीं रात्रीं कोठें निजावें हा प्रश्न त्यानें माणसावरच सोंपविला. कौलाची जागा ओळखीनें घेतली. पत्त्यावर येणारा ‘मार्फत’ हा शब्द या दृष्टीनें विचार करण्यासारखा आहे. तो अरबी ‘मअरिफत’ या शब्दावरून फारशीच्या वाटेनें आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ जाण, ओळख. ज्याच्या पत्रावर ‘मार्फत’ लिहिलें आहे त्याला शहरांत घर नाहीं, ओळख आहे, असा त्याचा सरळ अर्थ.

३. वाटा व सालें

धाराशीव जिल्हा निजामाच्या राज्यांत असल्यामुळें सरकारी नोकरी, वकिली व वरिष्ठ न्यायालय यांसाठीं येथील माणसाची वाट हैदराबादेकडे जाई. गिरणीकामासाठीं जवळचें शहर सोलापूर. तेथील ‘जुनी गिरण’ १८७७ सालीं सुरू झाली. मुंबईची वाट बार्शी लाइट रेल्वेनें सोपी केली. अडीच फूट रुंदीचा हा लोहमार्ग १८९७ सालीं बार्शीपर्यंत आला व १९११ सालीं लातुरास पोंचला. येडशी, तडवळें, ढोकी या भागांतील माणूस कुर्डुवाडीस गाडी बदलून मुंबईस जाऊं लागला. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतांत आलें, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. तेव्हांपासून हैदराबादेची वाट अरुंद होत गेली. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतून मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्यांची संख्या फार वाढली.

हा इतिहास कागदाच्या तारखेंत व रकमेंत उतरलेला असतो. संस्थानांतील कागदावर फसली साल असतें. शेवटच्या काळांत हें वर्ष ऑक्टोबरांत सुरू होई. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कागदास ५९० व पुढील महिन्यांच्या कागदास ५९१ मिळविले म्हणजे इसवी साल येतें. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. रक्कम ‘हाली’ कीं ‘कलदार’ हेंही पाहावें. सुमारें सात हाली रुपयांस सहा कलदार पडत. मुंबईहून आलेले सहा कलदार घरीं सात हाली म्हणून मांडले गेले असतील, तर ती हिशेबांतील चूक समजूं नये. जिल्ह्याचें नांव जुन्या कागदांत नळदुर्ग, पुढें उस्मानाबाद, व २०२३ पासूनच्या कागदांत धाराशीव असें मिळेल.

४. मुंबईची खोली

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ सालीं स्थापन झाली. १८९६ च्या प्लेगानें दाट वस्तीचें भयंकर रूप उघड केलें, तेव्हां १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. १९२० सालीं विकास खातें स्थापन होऊन त्यानें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाइल रोड येथें २०७ चाळी उभारल्या. प्रत्येक चाळीस चार मजले, मजल्यास वीस खोल्या, खोली सुमारें १६० चौरस फुटांची. बी. डी. डी. चाळी म्हणतात त्या ह्याच.

खोली एका नांवावर असे. राहणारीं माणसें अनेक. पावतीवर ज्याचें नांव तो भाडेकरी, बाकीचे पोटभाडेकरी किंवा नुसते गांववाले. दिवसपाळीचा माणूस उठला कीं रातपाळीचा त्याच जागीं निजे. गिरणींत काम देणारा मुकादम पुष्कळदां जागेचीही सोय पाही, व त्यामुळें माणूस दोन्हीकडून त्याच्या मुठींत राही. जेवण खाणावळींत, आणि त्या बहुधा गिरणीकामगारांच्या घरांतील बायाच चालवीत. याच बायांना सावकाराच्या पाशांतून सोडविण्यासाठीं प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. गोव्याच्या गांवांनीं मुंबईंत आपापले ‘कूड’ ठेविले होते, कोंकणच्या कित्येक गांवांनीं समाईक खोल्या घेतल्या होत्या. जेथें अशी गांवाची संस्था नव्हती, तेथें एकट्या नातलगाच्या भिडेवर सर्व भार पडे.

५. ओळख पुरी पडली नाहीं तेव्हां

ओळखीनें मिळणाऱ्या निवाऱ्याची दुसरी बाजू लपवूं नये. जें दार गांवाच्या व जातीच्या नांवानें उघडतें, तें त्याच नांवानें बंदही होतें. १९१७ सालीं बाबासाहेब आंबेडकर बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. विद्या होती, दरबारची नेमणूक होती; पण जागा मिळेना. पारशी नांव सांगून ते एका पारशी धर्मशाळेंत राहिले, आणि अकराव्या दिवशीं लाठ्या घेऊन आलेल्या जमावानें त्यांना बाहेर काढलें. ही हकीकत त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. मुंबईंत त्यांचा संसार परळच्या ट्रस्ट चाळींत पुष्कळ वर्षें झाला. सरकारी चाळीचें महत्त्व अशा वेळीं कळतें. पुढें १९४१ च्या फेब्रुवारींत धाराशीव तालुक्यांतील कसबे तडवळें येथें त्यांच्या उपस्थितींत महार-मांग वतनदारांची परिषद भरली. गांवकीच्या वतनानें बांधलेल्या माणसास गांव सोडणें कठीण, आणि सोडलें तरी शहरांत गांवाचें नांव सांगणें त्याहून कठीण, हें ध्यानीं घेतलें म्हणजे कांहीं घराण्यांच्या कागदांत मूळ गांवाचा उल्लेख कां टाळलेला असतो, याचा उलगडा होतो.

६. कागद वाचण्याची रीत

पत्र हातीं आलें कीं ‘सा. न. वि. वि.’ च्या खालचा मजकूर वाचण्यापूर्वीं पत्ता वाचावा. एकाच माणसाचीं चार-पांच पत्रें तारखेनें लावलीं व ‘मार्फत’ पुढील नांव पाहिलें, तर तो किती दारें फिरला तें दिसतें. ज्या पत्रापासून ‘मार्फत’ नाहींसें होऊन खोलीचा क्रमांक येतो, त्या तारखेस त्याला स्वतःची जागा मिळाली असें धरण्यास हरकत नाहीं. पुढें त्याचेंच नांव दुसऱ्यांच्या पत्रांवर ‘मार्फत’ नंतर येऊं लागतें. आश्रित आश्रयदाता झाला, हा बदल बखरींत सांपडत नाहीं, लिफाफ्यावर सांपडतो.

भाड्याच्या पावतीवर नांव, खोली, महिना व दर हे चार रकाने पाहावे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० चें भाडें प्रमाण धरल्यामुळें दर वर्षानुवर्षें तोच दिसतो. त्यावरून जागा स्वस्त होती असा निष्कर्ष काढूं नये. खरी किंमत पागडींत दिली जाई, आणि तिची पावती क्वचितच होई. पावतीवरील नांव पुष्कळदां मृत आजोबांचें असतें. तें हयातीचा पुरावा नव्हे, हक्काचा पुरावा आहे. मुंबईंत १९४३ सालीं शिधावाटप सुरू झालें. तेव्हांपासून शिधापत्रिका हा राहण्याचा दुसरा दाखला झाला, व एका खोलींत खरोखर कितीजण जेवत याचा अंदाज तीवरून येतो.

अलीकडचा माणूस दलालामार्फत जागा घेतो व अकरा महिन्यांचा करार करतो. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमान्वयें असा करार लेखी व नोंदलेला असावा लागतो. पण त्यांतही साक्षीदारांचीं नांवें पाहावीं. मूळ गांवची ओळख अजून तेथें दिसण्याचा संभव असतो.

७. संग्राहकांस विनंती

जुन्या सनदेचा अंमल संपलेला असतो. या कागदांचा संपलेला नाहीं. १ फेब्रुवारी १९७३ रोजीं जो परवानगीनें जागेंत राहत होता, त्यास कायद्यानें भाडेकऱ्याचें संरक्षण मिळालें. झोपडींतील रहिवाशास मोफत पुनर्वसन हवें तर १ जानेवारी २००० पूर्वींचा वास सिद्ध करावा लागतो. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. अशा प्रत्येक ठिकाणीं पात्रता जुन्या कागदांवरच ठरते. एक पिवळी पावती हरवली तर एक कुटुंब घरास मुकूं शकतें.

म्हणून मूळ कागद मागूं नये, विकतही घेऊं नये. जागेवरच छायाचित्र घ्यावें, मूळ त्याच घरीं ठेवावें, आणि तो जपण्यासाठीं एक चांगलें वेष्टन द्यावें. कोणाच्या घरीं, कोणत्या गांवीं, कोणत्या पेटींत कागद मिळाला हें नकलेवर टिपावें. हयात माणसांचीं नांवें व खोल्यांचे क्रमांक छापूं नयेत. गांवाकडील बाजूही विसरूं नये. मुलानें पाठविलेलीं पत्रें व कूपनें बहुधा धाराशीव, कळंब, परंडा, उमरगा इकडच्या घरांत आईच्या पेटींत असतात, तर पावत्या शहरांत. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय हकीकत पुरी होत नाहीं. चाळी पडत आहेत व खेड्यांतील जुनीं घरेंही पडत आहेत. हें काम शक्य तितकें लौकर हातीं घ्यावें.