साराजेव्हो ते चिखला : महायुद्धाची कारणे कशी शिकवावीत?

'पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा' असा प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिकांत तीच यादी उतरते : साम्राज्यवाद, लष्करवाद, राष्ट्रवाद, गुप्त करार आणि शेवटी तात्कालिक कारण म्हणून ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. पाच मुद्दे, पाच गुण. यादी चुकीची नाही. पण ती घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मध्येच थांबवून विचारा, "युवराज मेला तो साराजेव्होला. मग आपल्या भंडारा जिल्ह्याचा त्या युद्धाशी काय संबंध?" मूल गप्प होते. कधी कधी प्रश्न विचारणाराही गप्प होतो.

विज्ञानाच्या तासाला आपण 'कारण' हा शब्द फार जपून वापरतो. अमुक घडले म्हणून तमुक घडले, असे म्हणायचे तर मधल्या पायऱ्या दाखवाव्या लागतात. ती गोष्ट नसती तर काय झाले असते, हे विचारावे लागते. इतिहासाच्या तासालाही हीच शिस्त लावता येईल का? पवनी तालुक्यातल्या अड्याळच्या वर्गात पहिले महायुद्ध शिकवायचे आहे, असे समजून हा प्रयत्न करून पाहू.

निमित्त आणि कारण

धान निघाल्यावर रचलेला तणसाचा ढीग मुलांनी पाहिलेला असतो. त्यावर कुणी जळती बिडी टाकली आणि ढीग पेटला. आगीचे कारण काय? बिडी म्हणावे, तर तीच बिडी ओल्या बांधीत पडली असती तर विझली असती. वाळलेले तणस म्हणावे, तर ते महिनोन्‌महिने न पेटता पडून असते. बिडी हे निमित्त, वाळलेले तणस ही परिस्थिती. दोन्ही एकत्र आल्यावर आग.

२८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे गॅव्हरिलो प्रिन्सिप याने युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांच्यावर गोळी झाडली, ती बिडी. युरोपातील राष्ट्रांची स्पर्धा, शस्त्रांचे साठे आणि परस्परांशी केलेले करार हे वाळलेले तणस. इथपर्यंत दृष्टान्त उपयोगी पडतो. पण याच्या पुढे तो नेऊ नये. तणसाला पेटायचे की नाही, हे ठरवता येत नाही. राज्यकर्त्यांना ते ठरवता येत होते. 'युद्ध अटळ होते' असे मुलांच्या मनात ठसले, तर आपण इतिहास नव्हे, नशीब शिकवले असे होईल.

सदतीस दिवसांचा खेळ

खुनापासून ब्रिटनने युद्ध पुकारेपर्यंत, म्हणजे २८ जून ते ४ ऑगस्ट, ३७ दिवस गेले. हे दिवस वर्गात खेळून दाखवता येतात. साहित्य म्हणजे सुतळी आणि पुठ्ठ्याच्या पाट्या. आठ मुले ऑस्ट्रिया-हंगेरी, सर्बिया, रशिया, जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, ब्रिटन आणि इटली होतात. ज्यांच्यात करार होते त्यांच्या हातात सुतळी द्यावी : जर्मनी व ऑस्ट्रिया (१८७९), त्यांच्याबरोबर इटली (१८८२), रशिया व फ्रान्स (१८९४). बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ पासूनची, म्हणून ब्रिटन आणि बेल्जियम यांच्यातही एक सुतळी. रशिया आणि सर्बिया यांच्यात लेखी करार नव्हता, पण आपुलकी आणि हितसंबंध होते. तिथे सैल दोरा पुरे.

आता शिक्षकाने एकेक तारीख वाचावी. ५ जुलै : जर्मनी ऑस्ट्रियाला पूर्ण पाठिंब्याचे आश्वासन देते. २३ जुलै : ऑस्ट्रिया सर्बियाला ४८ तासांची निर्वाणीची मुदत देते. २८ जुलै : ऑस्ट्रियाचे सर्बियाविरुद्ध युद्ध. ३० जुलै : रशियाचा संपूर्ण सैन्य जमवण्याचा हुकूम. १ ऑगस्ट : जर्मनीचे रशियाविरुद्ध युद्ध. ३ ऑगस्ट : फ्रान्सविरुद्ध. ४ ऑगस्ट : जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरते आणि ब्रिटन युद्धात उतरते.

इथे एखादे चौकस मूल विचारीलच, "भांडण रशियाशी, मग जर्मनी बेल्जियममध्ये कशाला गेली?" उत्तर रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. पूर्वेला रशिया आणि पश्चिमेला फ्रान्स अशा दोघांशी एकाच वेळी लढावे लागू नये, म्हणून जर्मन सेनापतींनी आधीच योजना आखली होती : रशियाचे अवाढव्य सैन्य जमायला वेळ लागेल, तेवढ्यात बेल्जियममधून जाऊन फ्रान्सला हरवायचे आणि मग पूर्वेकडे वळायचे. या योजनेत वेळच सर्वांत मोलाची होती. त्यामुळे रशियाने सैन्य जमवण्याचा हुकूम काढताच जर्मनीला थांबणे परवडेना. थांबून बोलणी करायला जागाच ठेवली नव्हती, हा या योजनेचा खरा दोष.

प्रत्येक तारखेला खेळ थांबवून त्या मुलाला विचारावे, "तू आत्ता दुसरे काय करू शकला असतास?" मुले सुचवतात : मुदत वाढवली असती, पंच नेमले असते, सैन्य सीमेवर नेले नसते. या सूचना फळ्यावर लिहून ठेवाव्यात.

आणि इटलीकडे सर्वांचे लक्ष वेधावे. तिच्या हातात सुतळी होती, तरी १९१४ मध्ये ती युद्धात उतरली नाही, तटस्थ राहिली; १९१५ मध्ये उतरली ती विरुद्ध बाजूने. म्हणजे करार होता म्हणून युद्ध झाले, एवढे म्हणून भागत नाही.

शेवटी नववे मूल पुढे बोलवावे : भारत. त्याला ब्रिटनच्या मागे उभे करावे. त्याच्या हातात पाटीही नाही आणि सुतळीही नाही. ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरले, त्याच क्षणी भारतही उतरला. त्याला कुणी विचारले नाही. साम्राज्यवाद या शब्दाचा अर्थ मुलांना इथे कळतो.

आपल्या जिल्ह्यातला धागा

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. अड्याळचा परिसर धानाचा. पण याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. साध्या जस्त-कार्बन टॉर्चसेलमधील काळ्या पुडीत मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड असतो, आणि डोंगरी बुजुर्गचे खनिज त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण मँगनीजचा खरा मोठा गिऱ्हाईक पोलादाचा कारखाना.

लोखंडात थोडे गंधक राहून गेले तर ते लोखंडाशी संयोग पावते. हे संयुग कमी तापमानाला वितळते आणि पोलादाच्या कणांमधील सीमांवर पातळ थर धरते. असे पोलाद तापवून ठोकू लागले की तडकते. मँगनीज घातल्यास गंधक लोखंडाऐवजी मँगनीजशी संयोग पावते, घातक थर तयार होत नाही. विरघळलेला ऑक्सिजन काढून घेण्याचे कामही मँगनीज करते. एक टन पोलादामागे साधारण सहा-सात किलो मँगनीज पुरते. पण त्यावाचून काम अडते. तोफा, आगगाडीचे रूळ, जहाजे, सगळ्यांना ते लागते.

१८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफील्ड यांनी सुमारे १२ ते १३ टक्के मँगनीज असलेले पोलाद बनवले. मार बसेल तिथे ते अधिकच कठीण होते. १९१५ पासून ब्रिटिश सैनिकांच्या डोक्यावर जे थाळीसारखे शिरस्त्राण आले, ते याच पोलादाचे.

एक सामुद्रधुनी बंद होते

युद्धापूर्वी मँगनीज पुरवणारे मोठे देश तीन : रशिया, भारत आणि ब्राझील. रशियाचे बरेचसे खनिज आजच्या जॉर्जियातील चियातुरा येथून निघे आणि काळ्या समुद्रातून बाहेर पडे. त्या समुद्राच्या दाराशी तुर्कस्तान. नकाशावर मुलांना बोट ठेवायला सांगा : दार्दानेल्सची सामुद्रधुनी. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस तुर्कस्तानने ती बंद केली, आणि ऑक्टोबर संपता संपता ते जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले. रशियाचे मँगनीज अडकले. दुसरीकडे ब्रिटिश आरमाराच्या नाकेबंदीमुळे जर्मनीला भारताचे खनिजही मिळेनासे झाले.

याच पायरीने मराठी मुलखातील माणसेही युद्धात खेचली गेली. तुर्कस्तान शत्रू झाले तेव्हा इराणच्या आखाताजवळील तेलाचे रक्षण करणे ब्रिटनला निकडीचे वाटले. आरमार कोळशाकडून तेलाकडे वळत होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये भारतातून गेलेल्या फौजेने बसरा घेतले. पुढे ती बगदादच्या दिशेने सरकली, माघारी हटली आणि कूत या गावी वेढली गेली. वेढलेल्यांत मराठा पलटणीही होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने टेकीला आलेल्या सुमारे १३ हजारांना शरण जावे लागले. त्यांतले कित्येक कैदेत मेले.

भाकीत करा, मग तपासा

आता मुलांना भाकीत करू द्या : रशियाचे खनिज अडकले, पोलादाची मागणी वाढली, मग आपल्या भागातील खाणींचे काय झाले असेल? बहुतेक मुले सांगतील, "उत्पादन दुप्पट झाले असेल." तर्क बरोबर वाटतो, पण पुरावा वेगळे सांगतो. युद्धाच्या वर्षांत भारताचे मँगनीज उत्पादन युद्धापूर्वीच्या पातळीच्या खालीच राहिले.

का? खनिज जहाजाने न्यावे लागे, आणि जहाजे सैन्य व दारूगोळा वाहण्यात गुंतली होती. शिवाय जर्मन पाणबुड्या ती बुडवीत होत्या. भारताच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी जर्मनी शत्रू झाला होता आणि बेल्जियम जर्मनीच्या ताब्यात गेला होता. म्हणजे मागणी होती, खनिज होते, पण मधला दुवा तुटला होता. चुकलेले भाकीत हे या पाठाचे सर्वांत मोठे धन आहे. इतिहासातही सुबक तर्क पुराव्यावर घासून पाहावा लागतो, हे मुलांना स्वतः चुकल्यावरच पटते.

युद्धाचा पुढचा प्रवासही याच दृष्टीने पाहता येतो. सप्टेंबर १९१४ मध्ये मार्न नदीवर जर्मनांची घोडदौड थांबली आणि झटपट विजयाची योजना फसली. मग खंदक आले. १९१६ मध्ये व्हर्दन आणि सोम येथे लाखो माणसे पडली, पण आघाडी जेमतेम हलली. आता प्रश्न, कुणाचा माल आधी संपतो, हा होता. चिलीहून येणारे सोरा-खनिज नाकेबंदीने बंद झाल्यावर जर्मनीची स्फोटके संपायला हवी होती. ती संपली नाहीत, कारण फ्रित्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला होता आणि १९१३ मध्ये त्याचा कारखानाही सुरू झाला होता. आज अड्याळच्या बांधीत पडणारा युरिया त्याच प्रक्रियेतून येतो. याच हाबर यांनी एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथे क्लोरीन वायूच्या हल्ल्याची व्यवस्था केली. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात आली, रशियात क्रांती झाली. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी तोफा थांबल्या.

घरी विचारायचा प्रश्न

तोफा थांबल्या, त्याच वर्षी भारतात मृत्यूचे थैमान चालू होते. इन्फ्लुएन्झाची साथ जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात आली आणि सप्टेंबरनंतर देशभर पसरली. मराठी मुलखात तिला मानमोडी म्हणत. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, आणि सर्वाधिक मृत्यू झालेल्या प्रांतांत मध्य प्रांताची गणना होते. साथ युद्धाने निर्माण केली नाही. पण सैनिकांच्या जहाजांनी आणि आगगाड्यांनी ती वेगाने पसरवली. महागाईने व त्या वर्षी पाऊस हुकल्याने माणसे आधीच खंगली होती. १९११ मध्ये आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या २५.२१ कोटी होती. १९२१ मध्ये ती २५.१३ कोटी भरली. शिरगणतीच्या तक्त्यात लोकसंख्या घटल्याचे हे एकच दशक.

मुलांना घरी विचारायला सांगा : आपल्या घराण्यात, गावात १९१८ च्या साथीची काही आठवण कुणी ऐकली आहे का? वंशावळीत त्या वर्षापाशी एखादी फांदी अचानक तुटते का? एखाद्या घरी काहीच मिळणार नाही. तेही वहीत लिहावे. नोंद नसणे हीही एक नोंद आहे. मृतांचा विषय आहे, म्हणून घरचे सांगायला नको म्हणाले तर आग्रह धरू नये, एवढी सूचना द्यावी.

हा सारा पाठ चार तासांत होतो. एक तास खेळाला, एक नकाशा आणि मँगनीजला, एक युद्धाच्या वाटचालीला, एक मुलांनी आणलेल्या माहितीला. परीक्षेतील यादी त्यानंतर लिहून द्यायला हरकत नाही. आता तिच्यातल्या प्रत्येक शब्दामागे काहीतरी उभे असते.

व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी, साराजेव्होच्या गोळीला बरोबर पाच वर्षे होताना झाला, आणि वीस वर्षांत दुसरे युद्ध आले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयनी भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. याही वेळी भारतीय प्रतिनिधींना विचारले नाही. पण यावेळी प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळे होती. निषेध म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, त्यांत मध्य प्रांत व वऱ्हाडचेही होते. तेव्हा सुतळीचा खेळ पुन्हा मांडाल तेव्हा, ब्रिटनच्या मागे उभ्या असलेल्या त्या नवव्या मुलाच्या हातात एक कोरी पाटी द्या आणि त्यावर काय लिहायचे, ते त्यालाच ठरवू द्या.