कोणता पुतळा आज हलला?

गणपतीतल्या हलत्या देखाव्यात राक्षसाचा हात अडकला, की पोरं लगेच ओरडतात. जर्मनीत थीम पार्कचे चाहते हेच काम नेटाने करतात. चाच्यांच्या बोटसफरीसारख्या राईडमधून उतरल्या उतरल्या नोंद होते: तोफ वाजली, धूर आला नाही, डावीकडच्या चाच्याची मान हलली नाही. एकाची नोंद फसवी ठरू शकते, कारण नेमक्या त्या क्षणी आपण दुसरीकडे बघत असतो. वेगवेगळ्या बोटींतल्या पाच-सात जणांच्या नोंदी जुळल्या, की खात्री पटते.

इफेक्ट बंद आणि राईड चालू, असं कसं? ब्रेक, रूळ, सुरक्षापट्टा बिघडला तर गाडी थांबवावीच लागते; पुतळ्याची मान अडकली म्हणून कुणाच्या जिवाला धोका नसतो. त्यामुळे दुरुस्ती मागे पडते. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ‘एक्सपिडिशन एव्हरेस्ट’ (२००६) या राईडमधला महाकाय यती सुरुवातीनंतर थोड्याच काळात थिजला, लुकलुकत्या दिव्यांनी त्याच्या हालचालीचा नुसता भास निर्माण केला गेला.

अशा नोंदींचं मोल जर्मनीतल्या रुस्त गावच्या युरोपा-पार्कमध्ये कळतं. तिथली १९८७ ची ‘पिराटेन इन बाटाव्हिया’ ही बोटसफर २६ मे २०१८ च्या आगीत जळून गेली. २०२० मध्ये ती नव्याने उभी राहिली, पण जुने चाचे कसे वळायचे, कंदील कुठे लुकलुकायचा, हे आता प्रवाशांनी हातातल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या अंधुक, थरथरत्या चित्रफितींत बघावं लागतं.