पहिली खुंटी कुठे ठोकायची?

रायपूर स्टेशनच्या पलीकडच्या अंगाला गुढियारीचा घाऊक बाजार आहे. पोती उतरतात, काट्यावर चढतात, आणि आजोबा ज्या गादीवर बसत तिथे आता नातू बसलेला असतो. पिढी म्हणजे काय, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

इतिहासकारांचं मात्र त्यावर एकमत नाही. हिरोडोटसने शंभर वर्षांत तीन पिढ्या धरल्या. चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दूनने पिढी 40 वर्षांची मानली आणि राजघराण्याला तीन पिढ्यांचं, म्हणजे 120 वर्षांचं आयुष्य दिलं. अमेरिकेतल्या स्ट्रॉस आणि हाउ या जोडीने 1997 साली साधारण 80 ते 100 वर्षांचं चक्र मांडून त्याचे चार टप्पे पाडले.

छत्तीसगडातल्या भोसल्यांना ही मापं लावून पाहण्यात गंमत आहे. 1741 साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर हैहयांच्या रतनपूरवर चालून गेले. 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. झाली 113 वर्षं, इब्न खल्दूनच्या हिशोबाच्या अगदी जवळ. वर्षं सोडून माणसं मोजली तर आणखी जुळतं: पहिले रघूजी, मुधोजी, व्यंकोजी, आप्पासाहेब. घराण्याचा मान चौथ्या पिढीत जातो, असं इब्न खल्दून म्हणतो. आप्पासाहेब 1817 मध्ये सीताबर्डीला इंग्रजांकडून हरलेच.

पण शेवट 1854 ऐवजी 1818 ला मानला, तर 77 वर्षं होतात आणि स्ट्रॉस-हाउ खूश! त्यात रायपूरची हैहय शाखा रतनपूर पडल्यावरही काही वर्षं टिकली होती, म्हणजे खुद्द रायपूरसाठी पहिली खुंटीच पुढे सरकते.

मधली 12 वर्षं तर कुठल्याच चक्रात बसत नाहीत. 1818 मध्ये गादीवर आलेले तिसरे रघूजी अजाण होते, म्हणून छत्तीसगडचा कारभार इंग्रजांनी हाती घेतला. त्यांचा अधिकारी अ‍ॅग्न्यू याने मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. राजा मोठा झाल्यावर 1830 मध्ये मुलूख परत मिळाला. डिसेंबर 1853 मध्ये ते निपुत्रिक वारले आणि गव्हर्नर-जनरल डलहौसीने दत्तक नाकारला. कालखंड आखला गेला तो एका मुलाच्या वयावर आणि एका नामंजूर दत्तकावर. पिढ्यांच्या तालाचा इथे काय संबंध?

पुढच्या खुंट्या 1947 (स्वातंत्र्य), 1956 (राज्य पुनर्रचना), 2000. अंतरं 93, 9 आणि 44 वर्षं. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड वेगळं राज्य झालं, त्या वर्षी जन्मलेली पोरं आता गुढियारीत काट्यापाशी उभी राहण्याच्या वयाची आहेत.